देवाला कुठे सापडलीस?

सिस्टर, काल सकाळी टँकरवाल्याशी भांडताना मला हसू फुटलं. ते का फुटलं हे तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी जे आहे ते सांगते. माझे पती वारले तेव्हापासून माझी प्रार्थना बंद आहे. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाही, हातात जपमाळ असते, ओठ हलतात. पण न लागणारा फोन कानाला धरून बसावं, तसं वाटतं. आमच्या तरुण फादरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "धीर धरा, टीचर, देव सापडेल." मी मान हलवून घरी आले. पण तो शब्द डोक्यातून जाईना, कारण तो तुमचा होता.

बहात्तरचा दुष्काळ. छावणीजवळचं आपलं वसतिगृह, वैजापूरकडच्या खेड्यांतून आलेल्या आम्ही मुली, आणि दूर केरळातून येऊन आमचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तुम्ही. विहिरीचा तळ दिसत होता. अंघोळीचं पाणी तुमच्या पांढऱ्या इनॅमलच्या मगाने मोजून मिळायचं. संध्याकाळची प्रार्थना चुलीपाशीच. ती संपली की तुम्ही एकेकीला विचारता, "आज देवाला कुठे सापडलीस?" मुली ओढणीत तोंड खुपसून हसतात. मराठीत पहिली येणारी मी उभी राहून सांगते, "सिस्टर, देव तुला कुठे सापडला, असं म्हणायचं." तुम्ही ते वाक्य शहाण्या मुलीसारखं घोकता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जुनं विचारता. एक वात्रट पोरगी म्हणते, "सापडायला आम्ही काय चोर हाव का, सिस्टर?"

"चोरच. सुकडीचा डबा कोण उघडला?"

दुष्काळी मदतीतून आलेल्या त्या गोड पिठाची बोटं सगळी पंगत ओढणीला पुसू लागते.

एकदा पाणी ओढायची माझी पाळी होती आणि मी चॅपलमध्ये जाऊन बसले. ढोंग नव्हतं, परीक्षा जवळ आली होती, मी खरंच प्रार्थना करत होते. तुम्ही दारात उभ्या, झगा गुडघ्यापर्यंत ओला. "इथं बसून तू देवाला नाय सापडणार. विहिरीवर चल. तिथं बाकीच्या मुली तुझं पाणी ओढतात." ते 'नाय' तुम्ही भाकऱ्या करणाऱ्या मावशींकडून उचललेलं. मला इतका राग आला होता की दोर हाताला काचला तरी मी थांबले नाही. बी.ए. होऊन निघाले तेव्हा तुम्ही तो मग माझ्या हातात दिला. भाषण नाही. "याने पाणी दे," एवढंच.

आता आपलं शहर छावणीपलीकडे, सातारा परिसराच्या माळावर चढलं आहे; मी तिथंच राहते. इमारती आल्या, पाणी यायचं आहे. काल आमच्या सोसायटीत टँकर रिकामा व्हायला आला, तेव्हा तळमजल्यावरची भाडेकरू मुलगी धावत आली. खुलताबादची आहे, काखेत तान्हं बाळ, हातात हंडा. आमचे अध्यक्ष म्हणाले, "भाडेकरूंचं उद्या बघू." ती लगेच मागे सरली. "रैने दो आंटी, कल ले लेती मैं." टँकरवाला पाइप गुंडाळू लागला. मी पाइपवर पाय ठेवला.

"काकू, पाय काढा. मला अजून खेपा मारायच्यात."

"आधी हिचा हंडा भर."

"आन् नाय भरला तर?"

"तर उभी आहे इथंच. मला घरी काही काम नाही."

"लई खमकी म्हातारी हाय," असं पुटपुटत त्याने कॉक सोडला. अध्यक्षांना अचानक फोनमध्ये काही तरी महत्त्वाचं दिसलं. पायाखालचा पाइप फुगला, जोडातून फवारा उडाला, माझी साडी भिजली, अंबाडा सुटला. आणि अशा अवतारात मला तुमचा प्रश्न ऐकू आला, तुमच्या त्या हेलासकट. सापडले, सिस्टर. रंगेहाथ. मी हसत सुटले. टँकरवाला घाबरला. "काय झालं, काकू?" "काही नाही. भर तू."

संध्याकाळी जपमाळ घेऊन बसले. देव शोधला नाही. फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, टँकरपाशी म्हणून. उत्तर देताना समोर कोणी तरी असावं लागतं. होतं.

तुमची चूक खरंच चूक होती का, हे आता कोणाला विचारू? तुमची कबर केरळात आहे, आणि त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. हे पत्र प्रार्थनेच्या पुस्तकातच राहील. तुमची आठवण येते. हे मी कोणाजवळ बोलत नाही.

दिलं ते लिहून ठेवते: एक हंडा पाणी, तळमजल्यावरच्या मुलीला. सोबत तुमचा मग. बाळाच्या अंघोळीला तिला बरा पडेल. परत मागितलेला नाही.