मोठं काही बाहेर जात नाही

१० जानेवारी, शुक्रवार
आलो एकदाचा सोलापुरात! सांगोल्याहून एसटीत उभं राहून पाय भरून आले, पण टॉवेलच्या कारखान्यात शिरताच महेश्वरशेठनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे केलं आणि सगळा शीण पळाला. काम किरकोळ आहे. गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरचा वायरलेस अडॅप्टर छोटे मेसेज पाठवतो, डिझाइनच्या मोठ्या फायली मात्र पाठवत नाही. दोन दिवसांत उरकतो, असं छातीठोक सांगून टाकलं. शेठनी सात रस्ता चौकात लॉज बघून ठेवला होता, मी नको म्हटलं. बिघडलेल्या मशीनशेजारीच अंथरूण टाकायची माझी जुनी खोड. संस्कृती नेहमी विचारते, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की राउटरशी. बुधवारी आरोही पाच वर्षांची होते. त्याआधी घरी पोचायचंच, लेकीला शब्द दिलाय.

११ जानेवारी, शनिवार
सकाळपासून पिंग मारतोय, म्हणजे हाक मारून ओ येते का बघतोय. बत्तीस बाइटची हाक मारली, लगेच ओ. हजाराची मारली, तरी ओ. चौदाशेची मारली की शांतता. एरर नाही, काही नाही. डेटाचं पॅकेट निघतं आणि कुठेच पोचत नाही. अडॅप्टर बदलला, ड्रायव्हर नवा टाकला, चॅनेल बदलून पाहिला. माझा लॅपटॉप शटरबाहेर नेला की सगळं झकास, आत आणला की पुन्हा तेच रडगाणं. बाहेरून आत मात्र कितीही मोठी फाइल येते. डोकं पिकलं नुसतं.

१२ जानेवारी, रविवार
उद्यापासून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी, म्हणून आज रविवारीही काम चालू होतं. मर्यादा खाली येतेय. काल हजार जात होतं, आज सहाशेच्या वर काही नाही. शेवटी सेटिंग बदलली. फाइलचे बारीक तुकडे करून पाठवायचे, पलीकडे ते आपोआप जुळतात. एक जरी हरवला तरी बाकीचे वाया जातात, पण आज सगळे पोचले. शेठ खूश, मी त्याहून खूश.

इथली एक गंमत. टॉवेलचं सलग विणलेलं लांबलचक थान गोडाऊनच्या दारातच कापतात, सुटे टॉवेल हाताने बाहेर नेतात आणि गठ्ठे अंगणात बांधतात. कापणीवर बसणाऱ्या गोजाबाईला कारण विचारलं. म्हणाली, हितनं अख्खं काय भाईर जात न्हाय. मग माझं अंथरूण बघून तिचा चेहराच उतरला. हितं तीन रात्री कुनी काढत न्हाय, आजच्या आज जावा की, म्हणाली. जेवण अंगावर आलं होतं, म्हटलं सकाळी जाऊ.

१३ जानेवारी, सोमवार
नीट लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

बॅग घेऊन शटरबाहेर पाऊल टाकलं आणि समोर कॉम्प्युटर. वळलो, निघालो, पुन्हा कॉम्प्युटर. अकरा वेळा केलं. शटर सताड उघडं, अंगणात ऊन, खुर्चीत वॉचमन सिद्धाप्पा. चप्पल फेकली, ती बाहेर पडली. बॅग फेकली, ती माझ्याच पायाशी.

सिद्धाप्पाला नावाने हाक मारली तर त्याने मान वळवली. पुढचं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नाही. दारापर्यंत येऊन त्याने थेट माझ्याकडे बघितलं, आणि आत कुनी न्हाय की, असं पुटपुटत शटर ओढलं. कुलूप लावून तो यात्रेला गेला. खाली वीतभर फट राहिलीय.

मला भीती वाटतेय. फार.

१४ जानेवारी, मंगळवार
फोन लागतो. माझं 'हॅलो' जातं, पुढचं जात नाही. लांब मेसेज जात नाहीत. 'अडकलो' गेलं. संस्कृतीने विचारलं, यात्रेच्या गर्दीत का? नीट लिहा की. 'गोडाऊन' लिहिलं — जात नाही. दहा वेळा पाठवलं.

दुपारी 'अडकलो'ही जाईना. 'ये' गेलं. ती म्हणते, कुठे येऊ?

रडलो. दुसरं काही सुचेना.

१५ जानेवारी, बुधवार
आज वाढदिवस. फटीतून डावा हात बाहेर काढला. आरोहीकडे जायचंय, एवढंच मनात.

हात गेला. मागे ओढला तर मनगटापुढे — रक्त नाही. दुखतही नाही. नुसता नाही.

संस्कृतीने फोटो पाठवलाय. आरोही दारात हसतेय. पडद्याआडून आलेला हात तिने धरलाय. बोटात माझी अंगठी. खाली लिहिलंय, पुरे झालं लपणं, या आत.

जुळतात पलीकडे. जुळतात! सगळे पोचायला हवेत फक्त. एक जरी राहिला —

दुपार
पाय फटीतून घातले. गेले. दोन्ही. संस्कृती आता काही लिहीत नाही.

मर्यादा उतरतेय. सकाळी चप्पल जायची, आता काडेपेटी. डोकं फटीतून घातलं. पुन्हा आतच. पुन्हा घातलं. पुन्हा —

आरोहीचा आवाज आलाय फोनवर. आई पळाली म्हणते. ती नाही पळाली, माझी पोर. विचारतेय, बाबा, मी केक धरून उभी आहे, तोंड कधी पाठव