समोरून येणारं विमान

३ मे, रविवार
रिमोटवरचं विमान लांब जाताना माझं ऐकतं. परत येताना मुद्दाम उलटं वळतं. उडवायला शिकवणारे मास्तर म्हणतात, समोरून येताना त्याचं तोंड तुमच्याकडे असतं, मनाने विमानात बसा. उडवाउडवीची उत्तरं! मास्तरांच्या गळ्यातही माझ्यासारखाच रिमोट, दोन्हींमध्ये वायर. म्हणे, तुम्ही चुकलात तर मी सांभाळतो. चुकतो कोण, चुकवतं कोण?

५ मे
मागच्या खोलीत हिला शिलाई मशीन ठेवायचंय. तिथे माझी विमानं. म्हणाली, अहो, गिटार झाली, दुर्बीण झाली. रविवारी मी येते. एक गिरकी मारून नीट उतरवून दाखवा, खोली तुमची. नाहीतर मशीन आत.
मान्य. पण हिला एवढी खात्री कशी? मास्तरांशी फोनवर बोलत होती. विचारलं तर म्हणे, किती वाजता यायचं ते विचारलं. मला विचारता आलं असतं.

७ मे
माझ्या रिमोटची बॅटरी कोणी बदलू नये म्हणून तिच्यावर हिच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. बाटली हलली हे हिच्या लगेच लक्षात आलं. काय हा संशयी स्वभाव!

१० मे, रविवार, सकाळी
टेबलावर माझा रिमोट डावीकडे, मास्तरांचा उजवीकडे, नेहमीप्रमाणे. मास्तर हिला खुर्ची देत होते. कोणी बघू नये म्हणून टेबलाच्या पलीकडे गेलो. उजवीकडच्या रिमोटची बॅटरी काढून न बघताच खिशात. आता सांभाळा म्हणावं.

दुपारी
लूप! रोल! मैदानभर उलटं, पोट वर करून! समोरून येतानाही एकदम आज्ञाधारक. लँडिंग अलगद. कट सिद्ध झाला. मास्तर घामाघूम. हरलेला माणूस असाच दिसतो. माझ्या रिमोटचा दिवा तेवढा दिसला नाही, ऊन फार होतं. हिने टाळ्या वाजवल्या. मास्तरांकडे बघून. का?

संध्याकाळी
पँट धुवायला टाकण्याआधी हिने खिसे तपासले. नेहमीचा अविश्वास. बॅटरी निघाली.
लाल ठिपक्याची.
ही हसली नाही. चहा दिला. मग म्हणाली, अहो, मशीन आत घ्यायला जरा हात लावता का?
ही खोलीत मागे मागे जात होती, मी बाहेरून ढकलत होतो. म्हणाली, उजवीकडे घ्या. घेतलं. मशीन चौकटीवर धाडकन आदळलं. अहो, माझ्या उजवीकडे!
मी तसाच दारात उभा. टेबल आठवलं. विमान आठवलं.
म्हणाली, काय झालं?
म्हटलं, काही नाही. थांब, जरा तुझ्या बाजूला येऊन बघतो.