सोळा दिवसांची पातळी

शुक्रवार, १२ मार्च
दुपार

बाबा,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. मागे एकदा लिहिलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी अजून घरातच आहे, एवढ्यात एवढं वर चढवू नकोस."

मी सुखरूप पोचले. डबा संपवला. वसतिगृहातल्या पाहुण्यांच्या खोलीत माझ्याबरोबर अजून एक मुलगी आहे. तिला जंगलाचा विषय घ्यायचा आहे आणि पालीची भीती वाटते. मी म्हटलं, "अगं, मग जंगलात काय करशील?" तर म्हणाली, "तिथली पाल तिच्या घरात असते. ही माझ्या घरात आलीये."

फोन केला असता. पण फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि ठेवून देता. हे सांगायला मला जरा वेळ लागणार आहे.

आधी कॉलेज सांगते. विद्यापीठाच्या अगदी टोकाला आहे. इमारत जुनी, जिने रुंद, सगळीकडे ओल्या मातीचा वास. नव्या मुलांना दोन दिवस सगळं दाखवतात, मग ज्याला हवं त्याने अर्ज द्यायचा. मातीच्या खोलीत प्रत्येकाच्या हातावर चमचाभर माती आणि पाणी दिलं. अंगठ्याने दाबून तिची पट्टी काढायची. जितकी लांब निघेल तितकी माती चिकण. माझी सर्वांत लांब निघाली. लाकडाच्या खोलीत खोडांच्या चकत्या टांगल्या आहेत. माशांच्या खोलीत एक म्हातारा मासा आहे, त्याला सगळे 'प्राचार्य' म्हणतात.

मग नदीची खोली.

तिथे एक बाई शिकवतात. पन्नाशीच्या असतील. पायात चिखलाचे बूट, तसेच वर्गात. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याच्या पातळीचा एक आलेख लावला आहे. त्या म्हणाल्या, "ही एक नदी. नऊ वर्षांपूर्वी हिला काय झालं, सांगा. दरवर्षी नव्या मुलांना विचारते. अजून कुणाला सांगता आलेलं नाही."

सगळा आलेख करवतीच्या दातांसारखा. मध्ये एवढासा भाग इस्त्री केल्यासारखा, सरळ खाली उतरणारा.

कुणी म्हणालं, वरच्या धरणातून पाणी मोजून सोडलं असेल. बाई म्हणाल्या, वर धरण नाही. कुणी म्हणालं, मोजपट्टी वाहून गेली असेल. "मग आकडे कुठून आले?" तेव्हा माझी पालवाली मैत्रीण म्हणाली, "मोजणारा झोपला असेल."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"हा माणूस? बावीस वर्षं, दिवसाला तीन नोंदी, एकही चुकलेली नाही. एक सेंटीमीटरसुद्धा सोडत नाही हा. आणि या सोळा दिवसांत प्रत्येक आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपतो. मी याला कधी भेटले नाही, पण डोळे झाकून विश्वास ठेवते. म्हणूनच हे सुटत नाही."

नदी आपली होती आणि मोजणारे तुम्ही. तुमचं कौतुक ऐकून ऊर भरून आला आणि त्या सोळा दिवसांची शरमही वाटली. दोन्ही एकदम.

आई गेली तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. आत्या ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. पहिल्या सकाळी सहा वाजता मी तुमची कच्ची वही आणि पेन्सिल घेतली आणि घाटाच्या पायऱ्या उतरायला लागले. मला सगळं येत होतं. गुडघे टेकायचे, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, लाट चढते तिथला आकडा आणि उतरते तिथला, दोन्हींच्या मधला घ्यायचा, तीनदा बघायचं. तुम्हीच शिकवलं होतं. मी तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. एरवी पाणी आठव्या पायरीशी असायचं. त्या दिवशी चौथीवर होतं आणि आवाज करत होतं.

मी परत फिरले. पंपघराच्या मागे बसले आणि आकडा लिहिला. आदल्या दिवसापेक्षा पाच कमी. पाणी उतरावं असं मला वाटत होतं, म्हणून उतरवलं. मग रोज तीनदा उतरवलं.

आत्या विचारायची, "नदीवर जाऊन आलीस ना गं?" मी 'हो' म्हणायचे. तेवढं खरं होतं.

सतराव्या दिवशी तुम्ही उठलात. दाढी केलीत. वही मागितलीत आणि पानं उलटलीत. "सगळं लिहिलंस?" असं विचारलंत. मी मान हलवली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि नदीवर गेलात. खूप वेळ आला नाहीत. आल्यावर टेबलाशी बसून ते सगळे आकडे शाईने रजिस्टरमध्ये उतरवलेत, एकेक. मी दारातून बघत होते. मला वाटलं, तुम्ही फसलात.

नऊ वर्षं मला तसंच वाटत होतं.

काल मी बाईंना विचारलं, मूळ रजिस्टर बघायला मिळेल का? त्या म्हणाल्या, "मिळेल की. आजवर कुणी मागितलं नाही. आम्ही टाइप केलेलेच आकडे वापरतो." तळघरातल्या कपाटात तुमची सगळी रजिस्टरं आहेत. वास आपल्या घराचा येतो. प्रत्येक ओळीत वेळ, आकडा, शेरा, सही. तुमचे शेरे मी कधी सलग वाचले नव्हते. 'गढूळ.' 'ओंडका गेला.' 'आठ बगळे.' 'धुकं, पट्टी पुसून बघितली.' एका ठिकाणी 'मुलगी बरोबर होती.'

मग ते सोळा दिवस आले. आकडे मी लिहिले होते तसेच, तुमच्या अक्षरात. शेऱ्याचा रकाना कोरा. सहीचाही कोरा. अठ्ठेचाळीस ओळी, दोन्ही चौकोन रिकामे. सतराव्या दिवशी सकाळी पुन्हा तुमची सही आणि शेऱ्यात एकच शब्द, 'गाळ'.

तुम्ही माझा एकही आकडा खोडला नाहीत. आणि एकावरही सही केली नाहीत.

मी रजिस्टर मिटलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. शिपाईमामा दोनदा डोकावून गेले. शेवटी म्हणाले, "पोरी, धुळीने डोळे चुरचुरतात. वर ये."

आता उरलेलं सांगते. मी आधी तुम्हाला विचारणार होते, खरंच. पण आज सकाळी, खोलीवर आणलेलं रजिस्टर परत द्यायला गेले तेव्हा बाई बोलता बोलता म्हणाल्या की नदीवर नवा पूल होणार आहे, आणि त्याची उंची ठरवायला याच आकड्यांचा तक्ता मागवला आहे. त्या वर्षीची सगळ्यांत वरची पातळी म्हणून माझ्या आदल्या दिवसाचा आकडा धरलाय, कारण खरं पाणी चढलं तेव्हा मी पंपघराच्या मागे बसून ते उतरवत होते, बाबा. मग मला थांबता आलं नाही. मी सांगून टाकलं. कुणी लिहिले ते, कसे लिहिले ते, आणि सह्यांचंही.

बाईंनी आलेखापाशी जाऊन त्या सरळ भागावर बोट ठेवलं. मग विचारलं, "किती वर्षांची होतीस?"

"नऊ."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या भागाच्या दोन्ही बाजूंना कंस काढले. हलक्या हाताने काढले. मग म्हणाल्या, "अर्ज भरलास?"

"भरलाय. पण आता देऊ का?"

"दे. खिडकी चारला बंद होते."

दिलाय. घेतील की नाही ते महिन्याभराने कळेल.

पण मी जे केलं त्याची झळ तुम्हाला लागणार आहे, हे मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा जे मानपत्र देणार आहेत, त्यात 'बावीस वर्षांत एकही नोंद न चुकवता' असं आहे. मसुदा मला वाचून दाखवताना तुम्ही त्या ओळीवर अडखळलात. मला वाटलं, चष्मा नाही म्हणून. ती ओळ आता काढावी लागेल. तुम्ही रागावलात तर मी ऐकून घेईन. फक्त 'बरं, बरं' म्हणू नका.

बाईंचा एकच प्रश्न आहे. पाणी कुठपर्यंत आलं होतं? मला माहीत नाही, मी बघितलंच नव्हतं. पण तुम्ही त्या दिवशी नदीवर गेलात आणि खूप वेळ आला नाहीत. काठावर गाळाची रेघ राहिली असेल. ती तुम्ही बघितली असणार, आणि तुम्ही बघितली म्हणजे मोजलीही असणार. तो आकडा कुठे लिहिला नसेल तरी तुमच्या डोक्यात असेल.

तो मला पाठवा. सोबत एक कागद ठेवला आहे, त्यावर सोळा ओळी आखल्या आहेत, शेऱ्याच्या रकान्यासकट. जेवढ्या भरता येतील तेवढ्या भरा. शेऱ्यात पाण्याचंच लिहिलं पाहिजे असं नाही. त्या दिवसांबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. आईबद्दलही नाही. मी विचारायला घाबरत होते, जशी त्या पायऱ्यांवर घाबरले होते. पाण्यापासून सुरू करू, पुढचं पुढे.

हे पत्र आजच्याच एसटीने पाठवते, मी रविवारी येते. त्याआधी उत्तर लिहून झालं नाही तर राहू द्या, मी समोर बसून उतरवून घेईन.

कागदावर सहीचा रकाना मात्र तुम्ही भरू नका. ते दिवस माझ्याकडे होते. तिथे सोळाही ओळींत मी सही करून ठेवली आहे.

तुमची,
खारू