खांद्यात तंग झालेला कोट

हे मृत्युपत्र सोमवारीच लिहायचं होतं. सोमवारी पेन नव्हतं. मंगळवारी पेन मिळालं, तर कोरा कागद पाहून झोप आली. आज सकाळपासून खिडकीखाली एक माणूस सायकलचं वाकडं चाक सरळ करत बसला होता, त्यात अर्धा दिवस गेला. चाक अखेर सरळ झालं. परवा सकाळी ऑपरेशन आहे, आता टाळायला काही उरलं नाही, म्हणून लिहायला घेतो.

मी, खाली सही करणारा, ज्याला घरापासून वॉर्डापर्यंत सगळे भिंगरी म्हणतात, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भुलवणीने नव्हे तर राजीखुशीने असे लिहून ठेवतो की, माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, डॉक्टर ती बदलणार आहेत, आणि त्यातून मी जागा झालो नाही तर माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावावी.

हे शब्द शेजारच्या खाटेवरच्या पेशकारकाकांचे आहेत. त्यांची सगळी नोकरी कोर्टात गेली. झडप नीट मिटत नाही, एवढं माझं. ते म्हणाले, "तोंडाचंही तेच आहे, तेही लिही."

कलम १. माझे बूट माझ्या रंगारी जोडीदाराला द्यावेत. पाण्याच्या टाकीवर रंग देताना मला भोवळ आली तेव्हा दोर त्याच्या हातात होता आणि त्याने तो सोडला नाही. बूट त्याला घट्ट होतील, पण कुरकुरल्याशिवाय तो कुठलीच गोष्ट घेत नाही.

कलम २. बचत नाही. जिथे साठायला लागली तिथून मी निघालो.

कलम ३. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा ट्रकवाल्याने माझा माउथ ऑर्गन ठेवून घेतला. तो त्यालाच देतो. त्याला वाजवता येत नाही, ही शिक्षा पुरे. काकांना माझा आरसा द्यायचा होता, पण ते म्हणाले, "मला काही ठेवू नकोस बाबा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते. मग सही कोण करील, तुझा ट्रकवाला?"

कलम ४. कात्री. कापड कापायची, मोठी, मुठीला सुती पट्टी गुंडाळलेली. ही माझी नाही, बाबांची आहे, त्यांना परत द्यावी. चर्चच्या मागची गल्ली, बेकरीसमोरचं शिंप्याचं दुकान. फोन नंबर कागदाच्या पाठीमागे लिहिला आहे, अजून तोच असेल तर.

बाबा डावखुरे. ही कात्री त्यांनी मुद्दाम डाव्या हाताची बनवून घेतली होती, दुसरीने त्यांचा हात चालत नसे. दादाने मशीन सांभाळावी आणि मी कापणं शिकावं, असं त्यांच्या मनात होतं. मला दुकानात बसलं की पायाला मुंग्या येत. शेवटच्या भांडणात मी म्हणालो, "तुम्ही आहात तोवर माझी इथून सुटका नाही." बाबा खडूने कापड आखत होते. ती रेघ तेवढी त्यांनी पुरी केली. दुसऱ्या दिवशी ते चर्चला गेले असताना मी निघालो आणि जाताना कात्री उचलली. विकायला नाही. त्यांचं अडावं म्हणून.

माझ्या उजव्या हातात ती कापड कापत नाही, नुसतं दुमडते. तरी ज्या गावात धार लावणारा दिसला त्या गावात धार लावून घेतली. एकाने विचारलं, "काय कापतोस हिने?" म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मग बोथट कुठून होणार?" तरीही लावून घेतली.

कलम ५. दादाला माझ्याकडून एक राग ठेवतो. जंगम मालमत्तेत धरायचा का, असं काकांना विचारलं, तर म्हणाले, "तुझा तर स्थावर दिसतोय."

मधे एकदा मी घरी जायला निघालो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलो. दादा मशीनवर होता. त्याने मान वर केली, मला पाहिलं, ओळखलं, आणि मान खाली घालून शिवण पुढे चालू केली. मशीनचा आवाज एकदासुद्धा अडला नाही. मी बेकरीच्या पायरीवर बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली, आणि आल्या वाटेने गेलो. बाबांना त्याने सांगितलं नसणारच. मागे राहून त्यानेच सगळं निस्तरलं, हे मला कळतं. पण राग त्याच्याच नावचा आहे, त्याला पोचवावा.

कलम ६. कोट. हा कोणाला द्यावा, ठरत नाही.

मी निघायच्या थोडा आधी बाबांनी तो माझ्यासाठी शिवला. तेव्हा मी काडी होतो. पहिल्याच थंडीत खांदा ताणायला लागला म्हणून शिवण उसवली, तर आत चांगली चार बोटं जादा कापडाची माया सोडलेली. बाही उसवली, तिथेही तेवढीच. पाठीतही. शिंपी अंगावरच्या कोटात इतकं कापड कोंबत नाही, कोट जड होतो आणि नीट बसत नाही. वाढत राहणार आणि डोळ्यांसमोर नसणार, अशा माणसासाठीच तो असा शिवावा लागतो. म्हणजे भांडणाच्या आधीच त्यांना कळलं होतं. थांब म्हणाले नाहीत. कात्री तेव्हा त्यांच्याच हातात होती, बेताचं कापता आलं असतं.

दर थंडीत मी एखादी घडी उघडत आलो. दरवेळी आतलं कापड नव्यासारखं निघायचं, बाहेरचं ऊनपावसाने विटलेलं आणि आतलं गडद. गेल्या थंडीत शेवटची घडी उघडली. आता आत काही उरलेलं नाही आणि उजव्या खांद्यात कोट तंग होतो.

यावरून आठवलं. काका म्हणतात, "मृत्युपत्र लिहितोयस की गप्पा मारतोयस?" पण हे कोटाचंच आहे. रविवारी चर्चहून आले की बाबा तिथला उपदेश आम्हाला पुन्हा सांगत, शिंप्याच्या हिशेबाने. उधळ्या मुलाची गोष्ट आली की एकाच जागी अडत. बाप पोराला लांबूनच ओळखतो, धावत सुटतो, गळ्यात पडतो, आणि चाकरांना सांगतो, झगा आणा.

"माप कुणी घेतलं?" बाबा विचारत. "पोरगं तर वाळून आलंय."

दादा म्हणे, "मोठ्या मुलाचा असेल."

"मोठ्याचा मोठ्याकडे. हा याच्यासाठीच शिवून ठेवलेला, पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर. पोरगं दारात आलं की अंगावर घालून बघायचं आणि मग पक्की शिवण मारायची. देवबाप असाच शिवतो रे. आधी क्षमा माग, मग कापड कापतो, असं नसतं त्याचं."

तेव्हा मी दारातून रस्त्याकडे बघत असे. आता ती गोष्ट पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकावी असं फार वाटतं, एवढंच.

कलम ७. मला पुरताना जास्त कोणी नसेल, तेव्हा सिस्टरनी प्रार्थना म्हणावी. त्या रोज सकाळी वॉर्डात म्हणतात. तिच्या पहिल्याच ओळीत बापा हा शब्द आहे. तिथे माझी जीभ अडते आणि मी पुढच्या ओळीपासून सुरू करतो. तो शब्द तोंडाशी आला की मला खडूचा वास येतो. ज्याला समोर बसून म्हणायला हवा त्याला इतकी वर्षं म्हटला नाही, तो वर कुठल्या तोंडाने म्हणू. सिस्टरना हे सांगितलं, तर उशीचा अभ्रा बदलता बदलता म्हणाल्या, "तुम्ही पुढून सुरू करा. तो त्या पहिल्या ओळीशीच थांबलेला असतो."

काल इथवर लिहिलं आणि मला तपासणीला नेलं, कागद उशीवरच राहिले. आज फक्त कोटाचं आणि सह्यांचं बाकी आहे. कोट मलाच घालावा. तंग झाला तरी तोच घालावा.

हे सर्व मी स्वतः वाचून, समजून, खाली सही केली आहे.

स्थळ: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीपासून दुसरी खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची दुपार.
सही: भिंगरी.

साक्षीदार पहिला: निवृत्त पेशकार, तिसरी खाट. सही केली. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "मजकूर पाल्हाळिक, पण खरा."

साक्षीदार दुसरा: मिळत नाही. सिस्टरना सही करायची परवानगी नाही, आणि पलीकडचे आजोबा गुंगीत आहेत.

आत्ता सिस्टर आल्या. म्हणाल्या, "रागावू नका. काल कागद उचलून ठेवताना मागचा नंबर दिसला आणि मी फोन केला. बाहेर एकजण उभा आहे. हातावर कोट आहे, सगळा पांढऱ्या दोऱ्यांचा, बाह्या नुसत्या अडकवलेल्या. आत चला म्हटलं तर येत नाही. म्हणतो, आधी त्याला सांगा की त्या दिवशी मी त्याला पाहिलं होतं. मग बोलावलं तर येतो."

काका म्हणाले, "भाऊ ना? साक्षीला चालेल. फक्त पाचव्या कलमात त्याला काहीतरी मिळतंय."

कलम ५ रद्द. खाडाखोड माझी आहे, बाजूला सही केली आहे.

साक्षीदार दुसरा: माझा दादा. आत ये म्हणावं त्याला.

सिस्टर दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तो एकटा नाही आला. खाली एक म्हातारे आहेत, लिफ्टला थांबायलाच तयार नव्हते. जिन्याने निघालेत."