एकाच वळणाची पत्रं

कॉटनवुड बेंड,
१९ मे १९४८

प्रिय लॉइस,

तुझं पत्र मिळालं. तुझे आईबाबा ठीक आहेत. रविवारी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे जेवले. तू मात्र वेळेवर जेवत नसावीस.

युद्धातल्या निर्वासितांना अमेरिकेत येऊ देण्याच्या विधेयकाबद्दल आमच्या गावातून आलेली पत्रं तू कार्यालयातलं टपाल निवडताना 'कुणीतरी लिहवून घेतलेली' म्हणून वेगळ्या गठ्ठ्यात टाकलीस आणि सिनेटरसाहेबांनी ती वाचली नाहीत. तुझं चुकलं नाही. कार्यालयाचा नियमच तसा आहे. पण 'आत्या, प्रत्येक पत्रात तुझीच वाक्यं होती' हे तू बरोबर ओळखलंस.

आधी ती वाक्यं त्यांची होती. चर्चच्या स्वयंपाकघरात बायका लिहीत होत्या आणि मी वर्गात फिरावं तशी फिरत होते. वेल्टा हॉलमननं लिहिलं होतं, 'माझा भाऊ बायकोपोरांसह जर्मनीत छावणीत आहे. त्यांना येऊ द्या. कोंबड्यांचं खुराडं मी धुऊन चुन्यानं रंगवलं आहे. ते तिथंही राहतील.'

"अगं, वॉशिंग्टनला खुराड्याचं काय कळवतेस?" मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. वेल्टाही हसली. मी ते खोडून लिहिलं, 'निवासाची समाधानकारक व्यवस्था उपलब्ध आहे.' सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं.

काल तिच्याकडे गेले. ती पावाचं पीठ मळत होती. म्हटलं, "पुन्हा लिही. तुझ्या शब्दांत."

"बाई, तुम्ही लिहिलंत?"

"मी तर सगळ्यांचीच..."

"तसं नाही. तुमच्या नावाचं?"

लॉइस, मी लिहिलं नव्हतं. हे परके आले तर आपल्या पोरांना काम उरणार नाही, असं तुझे बाबा दुकानात येईल त्याला ऐकवतात. मला रविवारच्या जेवणात भांडण नको होतं. म्हणून इतरांना सही कुठे करायची ते दाखवलं आणि स्वतः नामानिराळी राहिले.

वेल्टानं हात पुसले. "मग आधी तुम्ही लिहा, बाई. मी नंतर."

विधेयकावरचं मतदान तोंडावर आलं आहे. वेल्टाच्या भावाला येऊ द्यावं, असं माझं मत आहे. हे पत्र सिनेटरसाहेबांच्या हातात दे, आत्याचं म्हणून लपवू नकोस. तुझ्या बाबांना मी आजच सांगते आहे.

तुझी आत्या, आणि सिनेटरसाहेबांची मतदार,
ऑगस्टा प्रेंटिस
मिल स्ट्रीट, कॉटनवुड बेंड