शिल्लक ठेवलेली थंडी

४ मे
कोल्ड स्टोरेजमधली केळ्यांची खोली आजपासून माझ्या ताब्यात. इतकी वर्षं गोठवलेले मटार सांभाळले, एका दाण्याने तक्रार केली नाही. केळी म्हणजे लांबट मटारच. मालकांसमोर हे बोललो नाही.
संकल्प: पहाटे उठणे. खोली रोज स्वतः पाहणे. चहा कमी.

५ मे
पहाटे उठणे उद्यापासून. उकाड्याने झोप झाली नाही.
पहिला माल मेहुण्याचाच निघाला. नोकरी सोडून केळ्यांच्या धंद्यात पडलाय. हा लॉट मोठ्या स्टोअरवाल्यांना पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही तर पुन्हा अर्ज करत फिरायचं, तेही या वयात. माल उतरवताना एकच धोशा: भावोजी, तेरा-चौदा डिग्री, त्याच्या खाली नको. थंडीत काटकसर करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. म्हटलं, तू निश्चिंत राहा.
बायको म्हणाली की माझ्या भावाचं सगळं आता तुमच्या हातात आहे. बरं वाटलं. या घरात माझ्या हातात काही असण्याची ही पहिलीच वेळ.

६ मे, दुपार
ऊन मी म्हणतंय. दोनदा वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत खोलीचा आकडा वर चढताना पाहिला. मेहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर.
मग सुचलं. वीज असतानाच थंडी साठवून ठेवायची. अडीअडचणीला चार पैसे बाजूला टाकतो, तसं. सेटिंग सहावर आणलं. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?

६ मे, संध्याकाळ
घरी केळी फ्रिजमध्ये ठेवायला गेलो. बायकोने हात धरला, म्हणे काळी पडतात. वाद घातला नाही. घरचा फ्रिज वेगळा, इंडस्ट्रियल कूलिंग वेगळं.

७ मे, पहाट
पहाटे उठलो! अलार्मने उठवलं. मोबाइलवर मेसेज: खोलीचं तापमान कमी. कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान कमी झालं म्हणून बोंब मारायची म्हणजे पोहणाऱ्याला ओला झालास म्हणून हाका मारण्यातला प्रकार. अलार्म बिघडलाय.

७ मे, दुपार
मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, अलार्म ठणठणीत आहे, खोलीचं बघा. म्हटलं, खोली तर मस्त गार आहे. यावर त्याने बिल माझ्या हातात ठेवलं आणि निघून गेला. आपण होऊन बोलावलं, हात दाखवून अवलक्षण. अलार्म मीच बंद केला. झोपमोड झाली की माझी निर्णयक्षमता जाते.

९ मे
मफलर गुंडाळून खोलीत गेलो. केळी हिरवी आहेत. जराशी राखाडी झाक वाटली. खोलीतले बल्ब बदलून घेतले.
झाक तशीच. हल्ली बल्बही चांगले मिळत नाहीत.

११ मे
माल स्टोअरवाल्यांकडे रवाना. आता तिकडे पिकवतील, मग पसंती. ट्रक गेल्यावर मेहुणा माझ्या पाया पडला. सेटिंगचं सांगणार होतो, पण केलेल्या उपकाराचा गवगवा मला आवडत नाही.

१४ मे
फोन नाही. म्हणजे सगळं उत्तम. मोबाइल बाथरूममध्येही नेतो, ती फक्त सवय. जेवण जात नाही. उकाडा.
बायको दोनदा म्हणाली की तुमचा चेहरा उतरलाय. चहा कमी केल्याने असेल. पुन्हा सुरू केला.

१५ मे
मेहुण्याचा फोन. केळी पिकतच नाहीयेत म्हणाला. खोली तेरावरच होती ना, असं विचारलं. म्हटलं, त्याहून चांगली होती. फोन कट झाला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.

१६ मे
माल परत आला. सगळाच.
मेहुणा घरी आला, टेबलावर एक फणी ठेवली. वरून काळपट, आतून कच्ची. स्टोअरवाले म्हणाले, थंडी लागलेली केळी आता कधीच पिकणार नाहीत, आणि पुढचा माल आणू नका. हे त्याने सांगितलं ते टेबलाकडे बघत. एकदाही भावोजी म्हणाला नाही. बायकोने एक केळं सोलायला घेतलं, साल निघेना. तिला रडू आलं. मला लाज वाटली. फार वाटली.
मग तिने विचारलं की खोलीला अलार्म असतो ना, तो वाजला नाही का?
नाही म्हटलं. बंद केल्यावर एकदाही वाजला नव्हता, त्यामुळे खोटं बोललो असं होत नाही.
दुपारी जाऊन सेटिंग तेरावर आणलं आणि अलार्म चालू केला. समोर तासभर बसून राहिलो. वाजला नाही. रिकामी खोली आता अगदी बरोबर चालते आहे.