मसाल्याच्या डब्यातला सूर

जानेफळ,
डिसेंबर २०१८

प्रिय पुष्पे,

पोस्टमन पाकीट घेऊन दारात आला की तू आधी घाबरशील, मग माझं अक्षर ओळखून म्हणशील, या बयेचा फोन मेला की काय! फोन जिवंत आहे. पण फोनवर तुझ्या वडिलांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, हे मला दोन वर्षांत पाठ झालंय. कागदाची रेंज जात नाही. फाडायचा असेल तर फाड, पण तू आधी वाचशील याची मला खात्री आहे. शाळेत असताना भज्यांचा तेलकट कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नव्हतीस.

वाईट बातमी नाही, जीव मुठीत धरू नकोस. उलट्या थांबल्या का? पाय सुजतात का? जड उचलू नको वगैरे मी सांगणार नाही, ते सांगायला तुझ्या सासूबाई आहेत. मी तुला माझ्या नव्या उद्योगाची गोष्ट सांगणार आहे. मी एक सिंथेसायझर बनवलाय. हसू नको. मसाल्याच्या डब्यात बनवलाय. आता हस. हा सगळा खटाटोप एका छोट्या दुलईसाठी केला. ती दुलई कोणी करायला सांगितली ते शेवटी लिहिणार आहे, तेव्हा मधली पानं सोडून उडी मारू नकोस.

सुरुवात अब्बांपासून करावी लागेल. अब्बांचे कान चालले आहेत. जाड आवाज कळतो, बारीक आवाज गेला. अम्मी म्हणते, यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं, पण तो तिचा जुना दावा आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन सांगितलं, तर अब्बा म्हणाले, नको. जन्मभर पिंजणीची तात कानाशी वाजली, तिनंच कान खाल्ले असणार. तुला आठवते ना ती पिंजण? माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात, आणि तातीवर लाकडी ठोकळा मारला की कापूस उसळून अंगणभर. थंडीच्या तोंडावर अब्बा तुमच्या अंगणात बसले की तुझी आई ओरडायची, पोरींनो, लांब बसा, नाकातोंडात कापूस जाईल. आपण कधी लांब बसलो नाही. तू तर त्या तातीच्या आवाजात आवाज मिसळून पाढे म्हणायचीस, आणि अब्बा मुद्दाम ठोका उशिरा मारून तुझा सतराचा पाढा चुकवायचे. तुझी आई, आमच्या अन्नपूर्णाकाकू, गेल्यावर तुमच्या अंगणातलं ते बसणं मोडलं ते मोडलंच.

पुढे कामही मोडलं. लोकांनी फोमच्या गाद्या आणल्या, उरलेल्यांसाठी मेहकरला पिंजायचं मशीन आहे. कापूसही बदलला. अब्बांचं म्हणणं, बीटीचा कापूस धाग्याला चांगला असेल, पण गादीत भरला की वर्षात बसतो, गावरान कापसासारखा फुगून राहत नाही. आणि गेल्या साली गुलाबी बोंडअळीनं तोही धड हाती लागू दिला नाही. बोंड उघडावं तर आत कापसाच्या जागी काळी घाण. आमच्या घरासमोरच्या वावरात लोकांनी कापसाच्या उभ्या पराटीत ढोरं सोडली. ज्याच्या घरी असं झालं, तो जुनी गादी पिंजायला कशाला काढेल? अब्बांची पिंजण आढ्याला टांगलेली राहिली आणि अब्बा तिच्याखाली खाट टाकून पडून राहिले. मी घरीच टीव्ही, मिक्सर, फवारणी पंपांचे चार्जर दुरुस्त करते. आयटीआयचं शिक्षण वाया गेलं नाही, तेवढं तरी बरं.

तर दसरा झाल्यावर एक गिऱ्हाईक आलं. हातात पोतं, पोत्यात गावरान कापूस, आणि वर घडी केलेलं एक जुनं पातळ. बाळाची दुलई करायची म्हणाले. अब्बांनी खांदा दाखवला, आता हात वर जात नाही, मेहकरला मशीनवर द्या म्हणाले. तर गिऱ्हाईक उठेचना. "मले मशीनवरचं नाई पायजे, रहेमतभाई. तुमच्या घरचं पायजे." मला काय झालं कोण जाणे, मी आतून म्हणाले, मी पिंजते. अब्बा म्हणाले, हे बायांचं काम नाही. अम्मी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तो फिर तुम उठाओ." खांदा काही उठला नाही, वाद तिथंच मिटला.

पिंजण खाली काढली तेव्हा खरी अडचण कळली. कापूस डोळ्यांनी नाही गं, कानांनी पिंजायचा असतो. गुठळ्या असल्या की तात बद्द बोलते. कापूस मोकळा होत गेला की तिचा आवाज उघडत जातो आणि एक सूर असा येतो की तिथं थांबायचं. अलीकडे थांबलं तर दुलईत गाठी राहतात, पलीकडे गेलं तर तंतू तुटून भुगा होतो. तो सूर मला माहीत नाही. अब्बांना माहीत आहे, पण त्यांना माझी तात ऐकू येत नाही. कधी कुणी मोबाईलवर घेऊनही ठेवला नव्हता, रोजच्या आवाजाला कोण रेकॉर्ड करतं? अब्बा अंगणात बसून नुसते माझ्या हाताकडे बघायचे. एकदा म्हणाले, आता हा सूर माझ्याबरोबरच जाणार. सहज म्हणाले, पण पुष्पे, मला ते सहन झालं नाही. दुलई तर हवीच होती. पण त्यांच्या डोक्यातला सूर मला त्याहून हवा होता.

तेव्हा मला आपली नववीतली पेटी आठवली. विज्ञान प्रदर्शनासाठी आपण दोघींनी बनवलेली, बटण दाबलं की वाजणारी, पाहुण्यांचं भाषण सुरू होताच किंचाळायला लागलेली. बटण अडकलं होतं आणि तू पेटीवर बसून घेतलंस तरी ती थांबेना. गुरुजींनी आपल्याला बाहेर उभं केलं आणि तू म्हणालीस, समीने, वाजली तर खरी. त्या पेटीला एकच किंचाळी येत होती. मला असा डबा हवा होता, ज्याचे कान पिळले की आवाज हवा तसा बदलेल आणि अब्बांना कळेल एवढा मोठा होईल, म्हणजे अब्बाच ते पिळत पिळत आपल्या आठवणीतल्या सुरापर्यंत जातील. मोबाईलवर बघत बसले तेव्हा कळलं की या वस्तूला सिंथेसायझर म्हणतात आणि जगभर येडे लोक घरी बसून तो बनवतात. म्हटलं, जानेफळात एक येडी कमी होती.

निम्मे भाग मेलेल्या टीव्हींतून काढले, उरलेले कुरिअरनं मेहकरला मागवले. तुला फार त्रास देत नाही, पण एवढं ऐक. एक आयसी सूर काढते. तिच्या पुढचा भाग त्या सुराला ठोका देतो, म्हणजे सूर एकदम उसळतो आणि हळूहळू विरतो, तात विरते तसा. तिसरा भाग त्यातला कर्कशपणा गाळतो. हे सगळं बसवायला पत्र्याची पेटी हवी होती, नाहीतर नुसती घरघर येते. घरात बरी स्टीलची पेटी एकच होती. झाकणाला भोकं पाडली आणि अम्मीला नंतर सांगितलं. हळदीच्या जागी सुराचा नॉब आहे, मोहरीच्या जागी ठोक्याचा, तिखटाच्या जागी आवाज मोठा करायचा. करंट फवारणी पंपाच्या बॅटरीवरून घेतला, कारण आपल्या लाइटीचा काय भरवसा. अम्मीचा मसाला तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पुड्यांत आहे आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी दोष माझ्या डब्याला मिळतो.

पहिल्यांदा वाजवला तर अब्बा स्पीकरला कान लावून म्हणाले, "ये तो मच्छर है, बेटी." दुसऱ्या खेपेला ट्रॅक्टर झाला. मी भाग बदलत गेले, ते नाव ठेवत गेले, आणि खरं सांगू, अब्बा इतके बोलले त्याला वर्ष झालं असेल. शेवटी एका सकाळी त्यांनी मला बाजूला सारलं, एक तळवा स्पीकरवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्वतः नॉब फिरवायला लागले. थोडं पुढे, थोडं मागे. मग हात थांबला. डोळे मिटून बसले होते. "बस. यही." मी रडले ते त्यांना दिसलं नाही. तू पाठवलेल्या लाल नेलपॉलिशनं मी नॉबच्या टोकाशी खूण केली.

आणि लगेच माती खाल्ली. सकाळी गारव्यात खूण केली आणि पिंजायला बसले दुपारी, भर उन्हात, डबा शेजारी तापतोय. त्यातले भाग उन्हानं तापले की सूर वर चढतो, हे मला कळायला हवं होतं. चार्जर दुरुस्त करताना कळतं, इथं कळलं नाही. तात डब्याच्या सुराला पोचेना म्हणून मी मारत राहिले, मारत राहिले. थांबले तेव्हा निम्म्या कापसाचा भुगा झाला होता. अब्बांनी चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि परत ढिगावर टाकली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तसा कापूस आता विकतही मिळत नाही गं. तो देणाऱ्यानं कसा राखला होता, ते मला माहीत होतं.

वाट अम्मीनं दाखवली. म्हणाली, विरजण लावल्यावर भांडं गोधडीत गुंडाळतो, मग ते ना तापत ना गारठत, याला पण गुंडाळ. गोधडी कशाला, तो वाया गेलेला भुगाच होता. मी डबा त्यात गच्च भरून सावलीत ठेवला, फक्त नॉब बाहेर. सूर हलला नाही. मग उरलेला कापूस सकाळीसकाळी पिंजला. मी तात मारायची, डब्याचं बटण दाबायची, पुन्हा तात. अब्बा पुढ्यात बसून कापूस उसळताना बघायचे. एका ठोक्याला तात आणि डबा एकसारखे बोलले. मी थांबले. अब्बांनी कापसात हात घातला आणि तो बाहेर काढायला ते तयार होईनात.

बाळापुरता कापूस पुरला. अम्मीनं त्या पातळाची खोळ शिवली. मोरपंखी पातळ आहे, जांभळ्या काठाचं, एका बाजूला पदराजवळ जळकं छिद्र होतं. ते छिद्र तुझ्या आईच्या हातून कुठल्या दिवाळीत अनारसे तळताना पडलं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हो. गिऱ्हाईक म्हणजे महादेवकाका, तुझे वडील. तुझी बातमी मी अम्मीला सांगितली होती, आणि अम्मीला सांगणं म्हणजे बसस्टँडवर भोंगा लावणं. बीटीच्या पाकिटाबरोबर कडेला लावायला साध्या बियाण्याचं जे छोटं पुडकं येतं, ते सगळे फेकतात. काकाही फेकतात, पण त्या कडेला ते अजून गावरानच्या ओळी लावतात, काकू म्हणायच्या म्हणून. गेल्या साली वावरात बाकी काही राहिलं नव्हतं तेव्हाही त्यांनी तेवढा कापूस वेचून बाजूला ठेवला. भुग्याचं मी त्यांना खरं सांगितलं. म्हणाले, "होते असं. तुहा हात नवा हाये." दुलई मांडीवर घेऊन तिच्या जांभळ्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाले, कुरिअरनं पाठव, तुझ्याकडून म्हणून पाठव, "तिले माहं नाव सांगू नको." मी विचारलं, काऊन काका? त्यांनी दुलईची घडी घालून माझ्या हातात दिली. तुमच्या दोघांत कोण चूक होतं ते मी ठरवणार नाही. तू तुझ्या मनानं लग्न केलंस ते मला पटलं होतं, आणि काका त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत तेही मी पाहिलं होतं.

निघताना त्यांची नजर डब्यावर गेली. मी सूर वाजवून दाखवला. त्यांनी विचारलं, हा कोणाचाबी आवाज काढते का? मी गमतीत म्हणाले, ज्याचा आवाज पक्का आठवतो, त्याचा जमतो. तर म्हणाले, "पुष्पीचा आठवते मले. जमन का?"

मला नाही जमणार, पुष्पे. तेवढ्यासाठी हे पत्र आहे. दुलई मी कुरिअरनं पाठवणार नाही, ती आमच्या खुंटीवर आहे आणि तुम्हा दोघांपैकी कुणीतरी ती हातानं न्यावी. काकांचा नंबर तोच आहे. ते उचलतील की नाही असं तुला वाटेल, म्हणून परवा मी माझ्या नव्या सिमवरून लावून पाहिला. पहिल्याच रिंगला उचलला. हॅलो म्हणाले नाहीत, "पुष्पा?" म्हणाले. मी फोन ठेवून दिला. आता तू लाव.

तुझीच,
समीना